तंजावरचे सरफोजी राजे आणि त्यांचा धन्वंतरी महाल

तंजावरचे नाव निघाले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे बृहदीश्वराचे उत्तुंग विमान उभे राहते. ज्यांना थोडी अधिक माहिती असते त्यांना त्याच देवालयाच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले वंशाचा विस्तृत मराठी इतिहास आठवतो. महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर, कावेरीच्या सुपीक खोऱ्यात, आपल्या कुळाची कथा मराठी अक्षरांत पाषाणावर कोरवून घेणारे राजे म्हणजे दुसरे सरफोजी. सरस्वती महालाचे पोषणकर्ते, संगीत व नाट्य यांचे आश्रयदाते, देवनागरी मुद्रणाचे एक आद्य पुरस्कर्ते म्हणून त्यांचा गौरव पुष्कळ झाला आहे. त्यांच्या चरित्राचा एक भाग मात्र आपल्या मंडळींना त्या मानाने कमी परिचित आहे. तो म्हणजे त्यांची वैद्यकाची साधना. या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी आम्ही तोच भाग निवडला, त्यास कारण आहे.

आपल्या मंडळाला पन्नास वर्षे पूर्ण झाली. स्थापनेच्या वेळी जे सभासद तिशीत होते ते आज ऐंशीच्या घरात आहेत. गेल्या काही वर्षांत अशा वडीलधाऱ्या मंडळींच्या घरोघरी एक वाद हमखास ऐकू येतो. आजार एकदा होऊन गेला, लसही टोचून झाली, मग या वयात पुन्हा सुई कशासाठी, असे आजोबा विचारतात. आणि परगावी असलेली मुले दूरध्वनीवरून त्यांची मनधरणी करीत राहतात. या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हांस दोनशे वर्षांपूर्वीच्या तंजावरची वाट धरावीशी वाटली. तिथल्या राजाने जी एक सवय वैद्यकात आणली, ती या उत्तराच्या मुळाशी आहे.

सरफोजींचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ रोजी भोसले कुळाच्याच एका शाखेत झाला. तंजावरचे राज्य शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी स्थापिले होते. त्याला शंभराहून अधिक वर्षे लोटली होती आणि गादीवर दुसरे तुळजाजी होते. तुळजाजींची मुले आणि नातवंडे त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. वारस उरला नाही, तेव्हा १७८७ साली त्यांनी बालवयातील सरफोजीला दत्तक घेतले आणि लवकरच देह ठेवला. मृत्यूपूर्वी त्यांनी या बालकाच्या कल्याणाची चिंता जर्मन धर्मोपदेशक श्वार्ट्झ यांच्यापाशी बोलून दाखविली होती.

पुढे घडले ते एखाद्या बखरीत शोभावे असे. तुळजाजींचे बंधू अमरसिंग यांनी दत्तकविधान अशास्त्र असल्याचा पक्ष मांडला; पंडितांचा अभिप्राय त्यांच्या बाजूने पडला आणि इंग्रजांनी त्यांस गादी दिली. बालक सरफोजी वाड्यात जवळजवळ कैदेत पडला. शिक्षण थांबले, बाहेरचा वारा व उजेडही दुर्मिळ झाला. श्वार्ट्झ यांनी खटपट करून मुलाची सुटका केली आणि १७९३च्या सुमारास त्यास व राजस्त्रियांस मद्रासला सुरक्षित नेण्यात आले. तेथे सरफोजींचे रीतसर अध्ययन झाले. संस्कृत, तमिळ, तेलुगू यांच्या जोडीला इंग्रजी व युरोपातील अन्य भाषांचा परिचय झाला; भूगोल, गणित, निसर्गविज्ञान यांची गोडी लागली. दरम्यान दत्तकाच्या प्रश्नावर काशी व बंगालमधील पंडितांची मते मागविण्यात आली. ती सरफोजींना अनुकूल ठरली आणि २९ जून १७९८ रोजी त्यांचे राज्यारोहण झाले. ज्यांनी पित्याच्या मायेने सांभाळले ते श्वार्ट्झ मात्र हा सोहळा पाहण्यास राहिले नाहीत. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत ते निवर्तले. राजांनी इंग्लंडचे विख्यात शिल्पकार फ्लॅक्समन यांच्याकडून त्यांचे संगमरवरी स्मारक करवून घेतले. मृत्युशय्येवरील गुरू आणि त्यांच्याजवळ उभा असलेला राजा असे ते शिल्प तंजावरच्या चर्चमध्ये आहे. स्वतः राजे अखेरपर्यंत आपल्या कुळधर्माशी एकनिष्ठ राहिले, हेही येथे नमूद केले पाहिजे.

राज्य मिळाले आणि दुसऱ्याच वर्षी हातचे गेले. १७९९च्या ऑक्टोबरात झालेल्या तहाने सारा मुलूख व त्याचा कारभार कंपनी सरकारने आपल्याकडे घेतला. राजांकडे तंजावरचा किल्ला, वर्षाला एक लाख होन आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले. वय अवघे बावीस. अशा स्थितीत चैनीत आणि वैफल्यात आयुष्य घालविणारे राजे हिंदुस्थानात कमी झाले नाहीत. सरफोजींनी वेगळा मार्ग धरला. फौज नव्हती, न्यायनिवाडा नव्हता. उरले ते दानधर्म आणि विद्या. या दोन गोष्टींवर त्यांनी उरलेली तेहतीस वर्षे खर्च केली.

रामेश्वराच्या वाटेवरील छत्रे, म्हणजे यात्रेकरूंची अन्नछत्रे व धर्मशाळा, आपल्याच हाती राहावीत म्हणून १८०१ साली त्यांनी कंपनी सरकारला जे सविस्तर पत्र लिहिले, ते आजही वाचण्याजोगे आहे. जातपात न पाहता मिळणारे अन्न, आजारी वाटसरूची बरा होईपर्यंत घेतली जाणारी काळजी, बाळंतिणींची सोय, पोरक्या मुलांचे संगोपन व शिक्षण, छत्रात नेमलेले वैद्य, असा सारा तपशील राजे त्यात मांडतात. ओरत्तनाडचे मुक्तांबाळ छत्र याच परंपरेतले. आजाऱ्याला औषध देणे हे राजधर्माचे अंग आहे, ही धारणा त्यांच्या घराण्यात मुरलेली होती. राजांनी तिला शास्त्राची जोड दिली.

त्या काळच्या आजारांत सर्वांत भयंकर कोणता असेल, तर देवी. दर दहा रोग्यांपैकी सुमारे तिघांना ती घेऊन जाई आणि जगलेल्यांपैकी कित्येकांचे डोळे. महाराष्ट्रात आपण या रोगाला देवी म्हणतो; तमिळ प्रांतात ती मारिअम्मन. तंजावरपासून दोन कोसांवरचे पुन्नैनल्लूर येथील मारिअम्मनचे देऊळ भोसले राजांशी फार जवळून जोडलेले आहे. देवस्थानाच्या परंपरेनुसार व्यंकोजी राजांना स्वप्नात दृष्टान्त होऊन पुन्नै वृक्षांच्या रानात देवी सापडली. पुढे पहिल्या तुळजाजींच्या कन्येची आजारपणात गेलेली दृष्टी तिच्या कृपेने परत आली. सरफोजी राजांनी या देवळाला मंडप, गोपुर आणि दुसरा प्राकार बांधून दिला. ही कथा ऐकताना आम्हांस नेहमी वाटते की त्या राजघराण्यात रोगाने गेलेले डोळे हे केवढे मोठे दुःख असेल, म्हणून तर देवळाच्या कथेत ते आजवर टिकून राहिले. पुढे याच घराण्यातला राजा डोळ्यांच्या रुग्णांसाठी दवाखाना चालवितो, याचे मग नवल वाटत नाही.

देवीवरचा उपायही नेमका सरफोजींच्या काळातच हिंदुस्थानात आला. इंग्लंडात जेन्नर यांनी १७९६ साली गाईच्या देवीची लस टोचून पाहिली आणि १७९८ साली, म्हणजे सरफोजी गादीवर बसले त्याच वर्षी, आपले निष्कर्ष छापले. बगदाद व बसऱ्याच्या मार्गाने ती लस मुंबईस पोचली आणि १४ जून १८०२ रोजी तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉल या मुलीच्या दंडावर हिंदुस्थानातील पहिली लस लागू पडली. तिच्यापासून दुसऱ्या मुलांना, त्यांच्यापासून आणखी पुढे, अशी दंडावरून दंडावर ती देशभर गेली. मद्रास इलाख्यातही त्याच वर्षी देवी काढण्याचे काम सुरू झाले. एकदा देवी येऊन गेलेल्या माणसाला ती सहसा पुन्हा येत नाही, हे आपल्या आजीबाईंनाही ठाऊक होते. जेन्नर यांची लस त्याच गोष्टीचा आधार घेई. फरक इतकाच की संरक्षण मिळविण्यासाठी मृत्यूच्या दारातून जावे लागत नसे.

तंजावरच्या किल्ल्यात तेव्हा वेगळाच उद्योग चालू होता. राजांनी युरोपातून शरीरशास्त्राचे, वनस्पतिशास्त्राचे व वैद्यकाचे ग्रंथ मागविले. मनुष्याचा खरा सापळा जवळ ठेवणे सोवळ्याओवळ्यात बसेना, म्हणून अभ्यासासाठी हस्तिदंताचा सापळा घडवून घेतला. या सापळ्याचे युरोपीय पाहुण्यांना मोठे कौतुक वाटे. मग धन्वंतरी महाल उभा राहिला. तेथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्य पद्धतीचे वैद्य एकाच छताखाली काम करीत. माणसांवर उपचार होत तसेच जनावरांवरही. औषधी वनस्पतींची रंगीत चित्रे काढविली गेली. जे उपाय अनुभवाला उतरले ते निवडून तमिळ पद्यांत गुंफविण्यात आले, म्हणजे सामान्य वैद्यालाही ते मुखोद्गत करता यावेत. शरभेंद्र हे सरफोजींचेच नाव; त्या नावाने ओळखली जाणारी ही वैद्यक पुस्तके पुढे सरस्वती महालाने छापून प्रसिद्ध केली आहेत.

या साऱ्या उद्योगात आम्हांस सर्वांत मोलाची वाटते ती डोळ्यांच्या रुग्णांची दप्तरे. मोतीबिंदू व नेत्राचे अन्य विकार घेऊन आलेल्या माणसांच्या नोंदी स्वतंत्र पानांवर ठेवलेल्या आहेत. रुग्ण कोण, तक्रार काय, उपचार काय झाला, त्यानंतर दृष्टीत काय फरक पडला, आणि या सर्वांबरोबर त्या त्या डोळ्याचे रंगीत चित्र. आपल्या काळातील नेत्रतज्ज्ञांनी ही पाने अभ्यासली तेव्हा त्यांतील बारकावा पाहून तेही थक्क झाले. मोतीबिंदू हा बहुशः उतारवयाचा विकार. तेव्हा एका अर्थी हा म्हाताऱ्याकोताऱ्यांचा दवाखाना होता. ज्या काळी वृद्धाचे अंधत्व हे वयाचे फळ म्हणून मुकाट्याने स्वीकारले जाई, त्या काळी एका राजाने असा माणूस तपासावा, त्याच्यावर उपचार करवावेत आणि गुण आला की नाही हे कागदावर टिपून ठेवावे, याचे महत्त्व आम्हांस फार वाटते. सरकारी नोकरीत दप्तरे सांभाळण्यातच आमचे आयुष्य गेले आहे, म्हणूनही कदाचित ते अधिक जाणवत असेल. उपाय करणारे पुष्कळ असतात. उपायाचा पुढे काय परिणाम झाला याची नोंद ठेवणारे थोडे.

राजांच्या इतर कार्याचा येथे नुसता उल्लेख करतो. किल्ल्यात त्यांनी छापखाना घातला आणि १८०६ साली त्यातून सखण्णा पंडितांनी मराठीत आणलेल्या इसापनीतीच्या कथा बालबोध मुक्तावली या नावाने निघाल्या. जगाच्या भूगोलाची माहिती देणारे देवेंद्र कुरवंजी हे मराठी नाटक त्यांच्या नावावर आहे. १८२०च्या सुमारास मोठ्या परिवारासह ते काशीयात्रेस गेले. १८२६ साली कलकत्त्याचे बिशप हेबर तंजावरला आले, तेव्हा राजांच्या बहुश्रुततेने ते चकित झाले. लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने त्यांस सन्माननीय सभासद करून घेतले. ७ मार्च १८३२ रोजी वयाच्या चोपन्नाव्या वर्षी सरफोजी राजे निवर्तले. पुत्र शिवाजी राजे १८५५ साली औरस पुत्र नसता वारले आणि कंपनी सरकारने तंजावर खालसा केले.

आता आरंभी मांडलेल्या प्रश्नाकडे वळू. एकदा देवी काढल्या की जन्माची निश्चिंती, असा जेन्नर यांचा व त्यांच्या अनुयायांचा विश्वास होता. सरफोजींच्या अखेरच्या वर्षांत युरोपातील दवाखान्यांना वेगळेच दिसू लागले. लहानपणी लस टोचलेली माणसे मोठेपणी देवीने आजारी पडत होती. आजार बहुधा सौम्य असे, पण संरक्षण ओसरले होते हे खरे. हे कळले कशामुळे? कोणाला केव्हा टोचले आणि पुढे त्याचे काय झाले, हे कोणीतरी लिहून ठेवले होते म्हणून. त्या नोंदींच्या आधारावर प्रशियाने १८३४ साली, म्हणजे सरफोजींच्या निधनानंतर दोनच वर्षांनी, सैन्यात दाखल होणाऱ्या प्रत्येकाला पुन्हा लस टोचण्यास आरंभ केला. पुनर्लसीकरणाची ही रीत पुढे सर्वत्र रूढ झाली. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली आढळला आणि ८ मे १९८० रोजी जगातून देवी गेल्याची घोषणा जागतिक आरोग्य संघटनेने केली. आमच्या व आमच्या आधीच्या पिढीच्या दंडावर देवी काढल्याचा वण आहे. आमच्या मुलांच्या दंडावर तो नाही.

देवीचा विषाणू फारसा बदलत नसे, म्हणून त्याच्यावर मिळालेले संरक्षण दीर्घकाळ उपयोगी पडे. सर्वच रोगांचे तसे नाही. इन्फ्लुएन्झाचा विषाणू वरचेवर वेष पालटतो, म्हणून त्याची लस दरवर्षी नवी करावी लागते. कोरोनानेही तेच केले. आपल्या देशात १ मार्च २०२१ पासून साठीपुढील सर्वांना कोरोनाची लस मिळू लागली आणि १० जानेवारी २०२२ पासून ज्येष्ठांना खबरदारीची मात्रा देण्यात आली. त्या काळात जगभर ज्या नोंदी झाल्या, त्यांतून काही गोष्टी स्पष्ट झाल्या आहेत. आजार होऊन गेलेला आणि लसही घेतलेला माणूस, यांपैकी एकच गोष्ट झालेल्या माणसापेक्षा अधिक सुरक्षित असतो. पुन्हा संसर्ग होऊ नये एवढे बळ काही महिन्यांत उणावते. गंभीर दुखण्यापासूनचे संरक्षण त्याहून जास्त टिकते. आणि वय वाढते तसे हे दोन्ही लवकर ओसरते.

म्हातारपणी असे का व्हावे? शरीरातील संरक्षक पेशींचे एक सैन्य असते. नवा शत्रू ओळखायला शिकणाऱ्या ताज्या पेशी ज्या ग्रंथीत तयार होतात, ती तारुण्यानंतर आक्रसत जाते. जुन्या पेशींची आठवण शिल्लक असते, पण हाक मारल्यावर त्या पूर्वीच्या चपळाईने उठत नाहीत. नागिणीचे उदाहरण घरोघरी पाहावयास मिळते. लहानपणी कांजिण्या येऊन जातात. त्यांचा विषाणू मज्जातंतूंत पन्नास-साठ वर्षे दडून राहतो आणि वयोमानाने पहारा ढिला पडला की नागिणीच्या रूपाने बाहेर येतो. तेव्हा एकदा होऊन गेले म्हणजे कायमची सुटका झाली, हा समज येथे उपयोगाचा नाही. आमच्या पिढीला दुखणे अंगावर काढण्याचा मोठा अभिमान. तरुणपणी तो शोभून जातो. सत्तरीत अंगावर काढलेले दुखणे कधी कधी सारे अंगच घेऊन जाते.

आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर असे आहे. पूर्वीचा आजार आणि पूर्वीची लस वाया गेलेली नाही. तो पाया आहे. पण पायावर उभ्या असलेल्या घराचीही डागडुजी लागते. ती केव्हा आणि कोणती, हे आपल्या वैद्याने ठरवावे, आणि त्याला ते ठरविता यावे म्हणून घरात एक वही असावी. कोणता आजार कोणत्या साली झाला, कोणती लस केव्हा टोचली, त्यानंतर काय त्रास झाला, कोणते औषध मानवत नाही, हे त्या वहीत लिहिलेले असावे. मुले परदेशी, नातेवाईक महाराष्ट्रात आणि शेजारी वेगळ्या भाषेचा, अशा आपल्या संसारात मध्यरात्री रुग्णालयाच्या दारात जेव्हा या प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात, तेव्हा ती वही बोलते.

सरस्वती महालात आज चाळीस हजारांहून अधिक हस्तलिखिते आहेत; त्यांत तीन हजारांवर मराठी. मोडी कागदांचे शेकडो गठ्ठे आहेत, आणि ते वाचू शकणारी माणसे दिवसेंदिवस विरळ होत आहेत. सुट्टीत रामेश्वरला जाणाऱ्या आपल्या कुटुंबांनी वाटेत तंजावरला एक दिवस अवश्य काढावा. बृहदीश्वर पाहावा, भिंतीवरची मराठी अक्षरे मुलांना वाचावयास लावावीत, पुन्नैनल्लूरच्या देवीचे दर्शन घ्यावे, आणि सरस्वती महालात जाऊन राज्य गमावलेल्या एका राजाने आपल्या प्रजेच्या डोळ्यांची कशी काळजी वाहिली, याची आठवण करावी.